संस्थेच्या वेबसाइटसाठी सीएमएस निवडण्यापूर्वी
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

शिक्षण संस्था, पतसंस्था, ट्रस्टची रुग्णालये, सार्वजनिक ग्रंथालये अशा एकाच छत्राखाली चार-पाच वेबसाइट चालवणाऱ्यांसाठी हे पत्रक आहे. सीएमएस म्हणजे वेबसाइटवरचा मजकूर, फोटो आणि पीडीएफ कार्यालयातल्या माणसाला प्रोग्रामरला फोन न करता बदलता यावेत, यासाठीची व्यवस्था.

निवडीच्या बैठकीत निम्मा वेळ होमपेजवरच्या स्लायडरवर, म्हणजे सरकत्या फोटोंच्या पट्टीवर, जातो. स्लायडर कोणत्याही सीएमएसमध्ये होतो. प्रवेशाची सूचना शनिवारी दुपारी लिपिकाला टाकता येते का, तिला मंजुरी कोण देणार आणि उद्या आम्हाला बदलून दुसरी फर्म आणली तर सगळे सहीसलामत बाहेर निघेल का, यावर खरा फरक पडतो. त्यामुळे सॉफ्टवेअरच्या नावांआधी तुमच्या माणसांची नावे कागदावर लिहून घ्या.

लिहिणार कोण, मंजुरी कोणाची

प्रत्येक वेबसाइटसाठी तीन रकाने आखा: मजकूर कोण टाकणार, तपासणार कोण, प्रसिद्ध करण्याचा अधिकार कोणाचा. तिन्ही रकान्यांत एकच नाव आले तर निवड सोपी आहे. विभागप्रमुख लिहितात, प्राचार्य मान्यता देतात आणि संस्थेचे कार्यालय शेवटचा हात फिरवते, अशी साखळी असेल तर ती सीएमएसला पेलली पाहिजे.

वर्डप्रेस या सीएमएसमध्ये मूळच्या पाच भूमिका, म्हणजे वापरणाऱ्यांच्या अधिकारांचे पाच प्रकार, आहेत: ॲडमिनिस्ट्रेटर, एडिटर, ऑथर, काँट्रिब्युटर आणि सबस्क्रायबर. ‘लिहावे पण प्रसिद्ध करू नये’ अशा माणसासाठी काँट्रिब्युटर आहे, मात्र त्याला फोटो किंवा पीडीएफ चढवता येत नाही. ऑथरला फाइल चढवता येते, पण तो स्वतःची पोस्ट परस्पर प्रसिद्धही करू शकतो, आणि विभागाच्या कायमस्वरूपी पानाला हात लावू शकत नाही. मग वैतागून सगळ्यांनाच एडिटर केले जाते आणि रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाकडून इतिहास विभागाचे पान उडते. भूमिकांचे अधिकार बदलणारे प्लगइन (सीएमएसला जोडायचे छोटे सॉफ्टवेअर) बसवून हे टाळता येते. फक्त ते काम पहिल्याच अंदाजपत्रकात धरलेले असावे.

ड्रुपल या दुसऱ्या सीएमएसमध्ये भूमिका हव्या तशा तयार करता येतात आणि मसुदा, प्रसिद्ध, संग्रहित असे टप्पे मूळ प्रणालीतच मिळतात. जूमला या तिसऱ्या सीएमएसमध्येही चौथ्या आवृत्तीपासून मंजुरीची साखळी आहे.

पर्याय आणि आमचे मत

पाच ते पन्नास पानांची साइट आणि लिहिणारे दोन-तीन जण असतील, तर वर्डप्रेस घ्या. २००३ पासूनचे, मुक्त परवान्याचे हे सॉफ्टवेअर जाणणारा माणूस तालुक्याच्या गावीही सापडतो, आणि फर्म बदलायची वेळ येते तेव्हा हा गुण सगळ्यांत मोठा ठरतो. त्याचे दुखणे प्लगइनमध्ये आहे. पंधराच्या वर प्लगइन गेले की अद्ययावत करताना कोणता कोणाशी भांडला हे शोधण्यातच दिवस जातो. प्लगइन घेण्याआधी तो शेवटचा कधी सुधारला गेला ती तारीख बघा. बाजारात फुकट मिळणारी ‘क्रॅक’ केलेली महाग थीम (साइटचे रूप ठरवणारा साचा) तर बसवूच नका. तिच्यात मागचा दरवाजा ठेवलेला असण्याचीच शक्यता जास्त. ओढा-सोडा पद्धतीच्या पेज बिल्डरबाबतही सावध राहा. तो बंद केला की अनेकदा पानावर चौकटी कंसातले कोड उरतात आणि मजकूर त्यातून वेचून काढावा लागतो.

शेकडो पाने, अनेक भाषा, वेगवेगळ्या प्रकारची माहिती (अभ्यासक्रम, प्राध्यापक, संशोधन प्रकल्प) आणि त्यांचे परस्पर दुवे असतील तर ड्रुपल. पण ते सांभाळायला जाणकार माणूस कायम हवा. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपल ७ मधील एक गंभीर त्रुटी जाहीर झाली, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजले होते. पुढच्या सात तासांत, म्हणजे पहाटे साडेचारपर्यंत, दुरुस्ती न लावलेली प्रत्येक साइट फोडली गेली आहे असेच समजा, असे नंतर ड्रुपलच्या सुरक्षा पथकानेच कळवले. तुमच्या देखभाल करारात ‘कार्यालयीन वेळेत’ असे शब्द असतील, तर ही रात्र आठवा. ड्रुपल ७ ची मुदत ५ जानेवारी २०२५ ला संपली. तुमची साइट अजून त्यावर असेल तर हे अपग्रेडचे काम नव्हे, नवी बांधणीच आहे; अंदाजपत्रकही तसेच मागा.

जूमला वाईट नाही, बहुभाषिक सोय तर त्यात आतच आहे. जूमला ३ चा आधार १७ ऑगस्ट २०२३ ला संपला, तरी त्यावर चालणाऱ्या साइट पुष्कळ दिसतात. चालू जूमला साइट नीट असेल तर ती पुढच्या आवृत्तीवर न्या. नवी सुरुवात मात्र आम्ही त्यात सुचवत नाही, कारण आपल्या भागात ते जाणणारे कमी होत चालले आहेत.

‘आमचे स्वतःचे सीएमएस’ म्हणून जे विकले जाते, त्याबद्दल एवढेच विचारा: सोर्स कोड आमच्या ताब्यात मिळणार का, आणि ते पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेच्या कोणत्या आवृत्तीवर चालते? उत्तर ७.४ किंवा त्याआधीची असे आले, तर त्या आवृत्तीच्या सुरक्षा दुरुस्त्या नोव्हेंबर २०२२ मध्येच किंवा त्याआधीच थांबल्या आहेत. महिन्याच्या भाड्यावरच्या तयार साइट-बांधणी सेवा छोट्या उपक्रमाला ठीक. पण सही करण्याआधी ‘सगळी पाने बाहेर कशी काढायची’ हे त्यांच्याकडून प्रत्यक्ष करून घ्या.

एक इन्स्टॉलेशन की पाच?

वर्डप्रेसच्या ‘मल्टिसाइट’ सोयीत एका इन्स्टॉलेशनवर अनेक वेबसाइट चालतात आणि प्रत्येकीला स्वतंत्र डोमेनही देता येते. अपडेट एकदाच, थीम एकच, खर्च कमी. पाच शाळांच्या एकसारख्या साइट असतील तर ही सोय छान.

गोची अशी की प्लगइनची फाइल सगळ्यांसाठी एकच असते. ती बिघडली तर पाचही साइट एकाच वेळी पांढऱ्या पडतात. प्लगइन बसवण्याचा अधिकार फक्त सुपर ॲडमिनकडे असतो, त्यामुळे महाविद्यालयाला छोटीशी गोष्ट हवी असली तरी संस्थेकडे यावे लागते. शिवाय उद्या एखादे महाविद्यालय स्वायत्त होऊन वेगळी वाट धरू लागले, तर त्याचे डेटाबेसमधले कोष्टक वेगळे काढणे हे चांगले दोन दिवसांचे किचकट काम होते. आमचा सल्ला असा: शाळा एकत्र ठेवा. ज्या साइटवर ऑनलाइन प्रवेश किंवा फी भरण्याची सोय आहे, ती मात्र वेगळ्या इन्स्टॉलेशनवर आणि वेगळ्या होस्टिंग खात्यावर.

मराठीची परीक्षा

डेमो इंग्रजीत बघितला जातो आणि अडचणी मराठीत निघतात. पुढच्या गोष्टी डेमोतच तपासा.

पानाचा पत्ता. वर्डप्रेस शीर्षकावरून पत्ता आपोआप बनवते आणि त्याला २०० अक्षरचिन्हांची मर्यादा आहे. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह, म्हणजे काना, वेलांटी आणि हलन्तसुद्धा, पत्त्यात नऊ जागा खाते. हिशेब केला तर जेमतेम २२ चिन्हे बसतात. ‘अकरावी प्रवेश प्रक्रिया वेळापत्रक’ या शीर्षकात पहिल्या तीन शब्दांचीच २१ चिन्हे होतात, त्यामुळे ‘वेळापत्रक’ पत्त्यातून गळते. आठवड्याने ‘अकरावी प्रवेश प्रक्रिया गुणवत्ता यादी’ टाकली की तिचाही पत्ता तोच बनतो, फक्त शेवटी दोनचा आकडा लागतो. व्हॉट्सॲपवर अशी लिंक टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ म्हणून जाते आणि पालक तिला स्पॅम समजतात. उपाय साधा: पत्ता दर वेळी रोमन अक्षरांत, तीन-चार शब्दांत हाताने लिहा, आणि हे लिपिकाच्या प्रशिक्षणात घ्या.

शोध. मोबाइलवर टाइप केलेल्या ‘ॲडमिशन’मध्ये ‘ॲ’ हे एकच चिन्ह असते. जुन्या कीबोर्डवर ते ‘अ’ आणि वर चंद्र अशा दोन चिन्हांचे होते, कुठे तिसरेच ‘ऍ’ वापरलेले असते. पहिल्या दोहोंत डोळ्याला फरक दिसत नाही, साइटच्या शोधाला तो दिसतो, म्हणून एकात शोधले की दुसऱ्यातले सापडत नाही. ‘दुसऱ्या’मधल्या अर्ध्या ‘र’चेही असेच दोन प्रकार आहेत. मजकूर साठवताना आणि शोधताना सगळे एकाच रूपात आणणारा छोटा कोड लावता येतो. तो लावणार का, हे विचारा.

यादीचा क्रम. सभासदांची यादी आपोआप लावली की क्षीरसागर ‘क’मध्ये आणि ज्ञानेश्वर ‘ज’मध्ये जाऊन बसतात. आपल्या वर्णमालेप्रमाणे ते शेवटी हवे असतील, तर क्रमासाठी वेगळा रकाना ठेवावा लागतो.

दिसणे. इंग्रजी थीममध्ये शीर्षकाच्या अक्षरांत अंतर सोडलेले असते. मराठी घातली की शिरोरेषा तुटून अक्षरे सुटी होतात. हे अंतर शून्य करावे लागते. ओळींमधले अंतर फॉन्टच्या आकाराच्या १.६ ते १.७ पट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना टेकतात. साइटची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवलेली हवी: त्यामुळे काही फॉन्ट मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ दाखवतात आणि अंध वाचकांचे स्क्रीन रीडर योग्य आवाज निवडतात.

साठवण. ही अडचण मुख्यतः ‘स्वतःच्या’ सीएमएसची. डेटाबेस युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांसाठीच्या सामायिक संकेतपद्धतीत) नसेल तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हे साठतात. पडद्यावर विचित्र अक्षरे दिसत असली तर मूळ मजकूर बहुधा परत मिळवता येतो. प्रश्नचिन्हेच साठली असतील तर तो गेलाच.

मराठी-इंग्रजी अशी दुहेरी साइट हवी असेल तर ड्रुपल आणि जूमला यांत ती सोय मूळचीच आहे; वर्डप्रेसला पॉलिलँगसारखे प्लगइन लागते. पण प्रत्येक सूचनेचे भाषांतर कोण करणार, हे नाव ठरल्याशिवाय दुहेरी साइट करू नका. तीन वर्षांपूर्वीच्या बातम्या दाखवणारे इंग्रजी पान नसलेलेच बरे.

जुन्या साइटवरचा माल हलवताना

कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर सीएमएसमध्ये चिकटवला की रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो, कारण त्या फॉन्टमध्ये मराठी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. कन्व्हर्टर आहेत, मात्र कृतिदेवचा कन्व्हर्टर श्रीलिपीला चालत नाही. आणि मध्येच आलेला खरा इंग्रजी शब्द किंवा ईमेल पत्ताही तो मराठी समजून बिघडवतो. रूपांतरानंतर ओळ न ओळ वाचणारा माणूस तुमच्याकडचा हवा. याच फॉन्टमधून काढलेल्या पीडीएफ डोळ्यांना वाचता येतात, पण त्यांतला मजकूर गुगलला सापडत नाही. महत्त्वाच्या सूचना पानावर मजकूर म्हणून द्या आणि सही-शिक्क्याची पीडीएफ खाली जोडा.

महाविद्यालयांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या एसएसआर (स्वयंमूल्यांकन अहवाल) आणि एक्यूएआर (वार्षिक गुणवत्ता अहवाल) यांत पुरावा म्हणून दिलेल्या लिंक तुमच्या साइटवरच्या फाइलकडे जातात. साइट बदलली, फाइलचे पत्ते बदलले, की तो पुरावा ‘पान सापडत नाही’ असे सांगू लागतो. काम सुरू होण्याआधी सर्व जुन्या पत्त्यांची एक्सेल यादी करा: एका रकान्यात जुना पत्ता, दुसऱ्यात नवा. त्यावरून कायमस्वरूपी वळण, ज्याला तंत्रज्ञ ‘३०१’ म्हणतात, ते लावले जाते.

पीडीएफ बदलतानाही एक चकवा आहे. वर्डप्रेसमध्ये सुधारित शुल्कपत्रक त्याच नावाने त्याच महिन्यात पुन्हा चढवले, तर जुने पुसले जात नाही. नव्याच्या नावापुढे एकचा आकडा लागतो. जुने गुगलवर सापडत राहते आणि पालक जुनी फी घेऊन खिडकीवर येतात. फाइल बदलण्याचे प्लगइन बसवा किंवा जुनी आधी काढून टाका. फाइलची नावे रोमन अक्षरांत ठेवा; झिप करून दुसऱ्या सर्व्हरवर नेताना देवनागरी नावे तुटू शकतात.

चाव्या कोणाकडे

डोमेन संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्या ईमेलवर नोंदलेले हवे. सचिवांच्या वैयक्तिक ईमेलवर नको, आमच्या तर मुळीच नको. शैक्षणिक ‘एसी डॉट इन’ डोमेन अर्नेट इंडियाकडून मिळते. तिथला संपर्क प्राचार्य बदलले की लगेच बदलून घ्या, नाहीतर मुदतवाढीची सूचना निवृत्त माणसाकडे जाते. ‘डॉट भारत’मधले देवनागरी डोमेन २०१४ पासून मिळते. पत्रिकेवर शोभून दिसते, जरूर घ्या; ईमेलसाठी मात्र रोमन डोमेनच ठेवा, कारण अनेक ऑनलाइन अर्ज देवनागरी पत्ता नाकारतात.

बॅकअप रोज, आणि किमान ३० दिवसांचे. साइट फोडली गेल्याचे बहुधा काही आठवड्यांनी कळते. सात दिवसांचेच बॅकअप असतील तर तोवर सातही बाधित झालेले असतात. एक प्रत होस्टिंग खात्याच्या बाहेर हवी. तीन महिन्यांतून एकदा बॅकअपवरून साइट उभी करून दाखवायला सांगा, आम्हालाही.

प्रवेश अर्ज किंवा सभासद नोंदणीतून नाव, फोन, आधार क्रमांक घेत असाल तर ती माहिती सीएमएसच्या डेटाबेसमध्ये वर्षानुवर्षे साठू देऊ नका. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ प्रमाणे तिची जबाबदारी संस्थेवर येते. नगरपरिषद किंवा शासकीय महामंडळ असाल तर सरकारी वेबसाइटसाठीची जीआयजीडब्ल्यू मार्गदर्शक तत्त्वेही पाळावी लागतात. ते निविदेतच लिहा.

पहिल्या भेटीला येताना

वर सांगितलेला तीन रकान्यांचा कागद, जुन्या साइटच्या होस्टिंगचा तपशील, आणि गेल्या महिन्यातल्या तुमच्या तीन खऱ्या सूचना घेऊन या: एक साधी, एक तक्त्याची, एक सही-शिक्क्याची. प्रत्यक्ष साइट सांभाळणार आहेत त्या लिपिकालाच सोबत आणा. दोन सीएमएसवर त्या सूचना त्यांच्याच हातून टाकून बघू. एक संगणकावरून, एक मोबाइलवरून. साधारण तासाभराचे काम आहे. त्याचे शुल्क नाही, आणि नंतर काम आम्हालाच दिले पाहिजे असेही नाही.