फॅनफिक्शनचं रेटिंग आणि टॅग : आजचे रकाने आले कुठून

फॅनफिक्शन म्हणजे आवडत्या मालिका, पुस्तकं, चित्रपट यांतली पात्रं घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या कथा. अशा कथेला रेटिंग (कोणत्या वयाच्या वाचकासाठी हे सांगणारी खूण) कोणतं द्यावं, टॅग (आत काय आहे हे सांगणारे शब्द) किती लावावेत, शेवट आधीच सांगून टाकावा का, यावर आज जे वाद होतात ते बहुतेक सगळे २००२ ते २००९ या काळात एकदा होऊन गेलेले आहेत. आज कथा टाकताना जे रकाने समोर येतात, ते त्याच वादांतून घडले. म्हणून 'टीन' (किशोरांसाठी) आणि 'मॅच्युअर' (प्रौढांसाठी) या रेटिंगांमधली रेघ कुठे ओढायची हे ठरवताना तो काळ माहीत असलेला बरा.

त्याआधीचं थोडक्यात. १९६७ पासून 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांचे सायक्लोस्टाइल केलेले अंक टपालाने फिरत. पुढे प्रौढांसाठीचे अंक निघू लागले, तेव्हा मागणीपत्रासोबत 'मी सज्ञान आहे' असं सही करून लिहून द्यायची पद्धत पडली. वाचक मोजके होते आणि अंक काढणारा बहुतेकांना ओळखत असे, त्यामुळे तेवढ्यावर भागलं. नव्वदच्या दशकात कथा ई-मेलच्या याद्यांवर आल्या आणि अनोळखी वाचक वाढले. मग कथेच्या डोक्यावर 'हेडर' आलं : शीर्षक, लेखक, जोडी (कोणत्या पात्रांचं नातं), रेटिंग, इशारे, सारांश. आजच्या सगळ्या रकान्यांचा मूळ साचा तोच.

रेटिंगची अक्षरं मात्र उसनी होती. जी, पीजी, पीजी-१३, आर, एनसी-१७ ही, सर्वांसाठीच्या 'जी'पासून फक्त प्रौढांसाठीच्या एनसी-१७पर्यंत चढत जाणारी, अमेरिकी चित्रपटांची वर्गवारी चाहत्यांनी जशीच्या तशी उचलली. ती पद्धत १९६८ची. पीजी-१३ त्यात १९८४ला आलं आणि एनसी-१७ १९९०ला. हे शेवटचं अक्षर का आलं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. आधी सर्वांत वरची पायरी 'एक्स' होती. चित्रपट निर्मात्यांच्या संघटनेने बाकीची अक्षरं व्यापारचिन्ह म्हणून नोंदवली, 'एक्स' तेवढं मोकळं राहिलं. अश्लील चित्रपट काढणाऱ्यांनी ते आपल्या जाहिरातींवर स्वतःच चिकटवायला सुरुवात केली आणि ते कायमचं बदनाम झालं. एनसी-१७ची नोंदणी मग आठवणीने केली गेली.

१९९८ला सुरू झालेल्या आणि त्या काळी सर्वांत मोठ्या असलेल्या कथासंग्रहाने सप्टेंबर २००२मध्ये एनसी-१७च्या कथांवर बंदी घातली. हा निर्णय घेण्याचा चालकांना अधिकार होता, त्याबद्दल माझं म्हणणं नाही. पण त्याचा परिणाम काय झाला, याची नोंद फार कमी ठिकाणी होते. कथा गेल्या, पण सगळ्या नाही. कितीतरी लेखकांनी तीच कथा, एखादा परिच्छेद सौम्य करून किंवा तसाही न करता, 'आर' लावून ठेवली. त्यामुळे 'आर' या अक्षरावर भरवसा ठेवणाऱ्या वाचकाला आत काय मिळेल याचा अंदाज येईनासा झाला. खऱ्या रेटिंगला शिक्षा आणि खोट्याला मुभा असेल, तर खोटंच रेटिंग लागणार.

२००५मध्ये त्या संघटनेने आपली अक्षरं वापरू नका असं कळवलं आणि संग्रहाने नवी पट्टी आणली : के, के-प्लस, टी, एम, एमए. पाच, नऊ, तेरा, सोळा आणि अठरा वर्षं अशी त्यांची वयं. यातलं एमए पट्टीवर होतं, संग्रहात मात्र त्याला मज्जाव. म्हणजे २००२चीच अडचण नव्या अक्षरांत कायम राहिली आणि 'एम'मध्ये सोळापासून अठराच्या पुढचं सगळं गोळा झालं. २०१२च्या जूनमध्ये तिथून पुन्हा मोठ्या प्रमाणावर कथा काढल्या गेल्या, तेव्हा जुने लेखक हादरले खरे, पण चकित झाले नाहीत.

मधे २००७ घडलं. मे महिन्याच्या अखेरीस एका लोकप्रिय ऑनलाइन डायरी-सेवेने सुमारे ५०० खाती बंद केली. निवड झाली ती खात्यावर 'आवडीचे विषय' म्हणून लिहिलेल्या शब्दांवरून. त्यात फॅनफिक्शनचे गट होते, तसेच अत्याचारातून सावरणाऱ्यांचा आधारगट आणि एका गाजलेल्या कादंबरीवर स्पॅनिशमध्ये चर्चा करणारा गटही होता. बंद खात्यांच्या नावावर आडवी काट मारलेली दिसे. टॅग प्रामाणिकपणे लावला तर तोच आपल्याविरुद्ध वापरला जाईल, ही भीती तिथे पक्की झाली. चाहत्यांनी स्वतःच्या मालकीचा संग्रह उभारावा ही कल्पना याच घटनेतून निघाली असं सर्रास सांगितलं जातं. ते तितकंसं खरं नाही. ती कल्पना त्याच महिन्यात, या काटछाटीच्या काही दिवस आधी मांडली गेली होती, आणि तिचं तात्कालिक कारण फॅनफिक्शनवर पैसे कमवू पाहणारं एक व्यावसायिक संकेतस्थळ होतं. काटछाटीने कल्पनेला माणसं मिळवून दिली.

तो संग्रह १४ नोव्हेंबर २००९ला सर्वांसाठी खुला झाला. त्याच वर्षी फॅन्डममध्ये, म्हणजे चाहत्यांच्या समुदायात, इशाऱ्यांवरून मोठा वाद पेटला होता. लैंगिक अत्याचार सोसलेल्या वाचकांचं म्हणणं होतं की असा प्रसंग पूर्वसूचना न देता समोर येणं हा निव्वळ रसभंगाचा प्रश्न नाही, त्याने माणूस दिवसेंदिवस मोडून पडतो. काही लेखकांचं म्हणणं होतं की पात्राचा मृत्यू हाच कथेचा कणा असेल, तर तो डोक्यावर छापल्यावर कथेत उरलं काय?

नव्या संग्रहाने यातून जो मार्ग काढला, त्यावर आजही एकमत नाही. वयाची सक्ती असलेली अक्षरं टाळून त्याने साधे शब्द घेतले : सर्वांसाठी, टीन आणि पुढे, मॅच्युअर, एक्स्प्लिसिट (आडपडदा न ठेवता लिहिलेलं) आणि 'रेटिंग दिलेलं नाही'. इशाऱ्यांचा रकाना मात्र सक्तीचा केला. त्यात चार इशारे ठेवले : हिंसेचं तपशीलवार चित्रण, मुख्य पात्राचा मृत्यू, बलात्कार किंवा असंमत संबंध, आणि अल्पवयीन पात्रांचे लैंगिक संबंध. सोबत आणखी दोन पर्याय होते. 'यातलं काहीही लागू नाही' हा एक आणि 'लेखकाने इशारे न देण्याचं ठरवलं आहे' हा दुसरा.

गोंधळ या शेवटच्या दोघांचा आहे. पहिला पर्याय म्हणजे दिलेला शब्द. तो खोटा निघाला तर तक्रार करता येते. दुसऱ्याचा अर्थ, आत चारांपैकी काहीही असू शकतं, किंवा काहीच नसेल, वाचकाने जोखीम ओळखून आत यावं. अनेक वाचक दुसरा पर्याय पाहून 'इशारा नाही, म्हणजे धोका नाही' असं समजतात आणि मग चिडतात. अनेक लेखक विचार न करता तोच निवडतात. या दोन्ही तक्रारी रास्त आहेत. तरीही मला हा निर्णय योग्य वाटतो. वाचकाला सावध करण्याची आणि कथेचं रहस्य जपण्याची अशा दोन्ही गरजा त्यात सांभाळल्या गेल्या, आणि लेखकाकडून मागितलं काय, तर फक्त खोटं न बोलणं. २००२च्या बंदीला हे साधलं नव्हतं.

उदाहरण आपल्या जवळचं घेऊ. त्या संग्रहात महाभारतावरच्या कथांचा वेगळा विभाग आहे. कर्णावर कथा लिहिली आणि ती सतराव्या दिवशी, रथाचं चाक रुतल्यावर संपते. शेवट वाचकाला लहानपणापासून ठाऊक आहे, मग मृत्यूचा इशारा लावायचा का? लावायचा, किंवा 'इशारे न देण्याचं ठरवलं आहे' निवडायचं. इशारा कथेत काय घडतं त्याबद्दल असतो, वाचकाला आधी काय माहीत आहे त्याबद्दल नाही. 'यातलं काहीही लागू नाही' हे मात्र इथे लावता येणार नाही. याउलट कथा कुंतीवर असेल आणि कर्णाची बातमी एका ओळीत येत असेल, तर तिथे मुख्य पात्र कोण हे लेखक ठरवू शकतो.

पुढच्या घडामोडी बहुतेक मोकळ्या टॅगांच्या. लेखक वाटेल ते शब्द लिहितात आणि स्वयंसेवक एकाच अर्थाचे वेगवेगळे टॅग एकमेकांना जोडतात, म्हणून शोध चालतो. एका अमेरिकी विनोदी मालिकेतल्या फ्रीजमधल्या पिशवीवर लिहिलेलं 'मेलेलं कबूतर, खाऊ नका' हे वाक्य टॅग बनलं. पात्र पिशवी उघडतं आणि आत मेलेलं कबूतरच असतं. म्हणजे, टॅगांत लिहिलंय तेच आत आहे, नंतर कुरकुर नको. हल्ली तो नुसताच 'फार भयंकर कथा' या अर्थाने, बाकी एकही टॅग न देता लावलेला दिसतो, तेव्हा त्याचा काही उपयोग उरत नाही. उलट टोकाला एका कथेवर १,७०० हून अधिक टॅग होते आणि यादीत तिच्या खालची कथा गाठायला पानंच्या पानं सरकवावी लागत. २०२१मध्ये एका कथेला ७५ टॅगांची मर्यादा आली.

मराठी लेखक घोटाळा करतात तो बहुधा रेटिंगमध्ये, कारण मनात आपल्या सिनेमाचं प्रमाणपत्र असतं. १९८३ पासूनचं 'यूए' बारा वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या मार्गदर्शनाने चालेल असं सांगणारं होतं आणि त्यात कौटुंबिक विनोदापासून मारधाडीपर्यंत सगळं मावत असे. ते डोक्यात ठेवून 'टीन' निवडलं की पुष्कळदा रेटिंग कमी पडतं. २०२१च्या नियमांनी ओटीटीसाठी आणि २०२३च्या कायदादुरुस्तीने चित्रपटांसाठी 'यूए'चे ७, १३ आणि १६ असे तीन भाग केले. ओटीटीला तर वयासोबत आशयाचं वर्णनही सक्तीचं झालं, म्हणजे रेटिंग आणि टॅग ही दोन वेगळी कामं आहेत हे तिथेही मान्य झालं. हौशी कथांना हे नियम लागू नाहीत, पण अंदाजासाठी नवी पट्टी जुन्यापेक्षा बरी : यूए १३+ वाटणारी कथा 'टीन', यूए १६+ वाटणारी 'मॅच्युअर'. ठरतच नसेल तर 'रेटिंग दिलेलं नाही' हा पर्याय आहे, फक्त अशी कथा उघडतानाही 'मॅच्युअर' आणि 'एक्स्प्लिसिट'सारखीच प्रौढ मजकुराची सूचना येते.