२१४७४८३६४७

दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस, म्हणजे २^३१ − १. ही आठवी मर्सेन मूळ संख्या, म्हणजे २^न − १ या रूपाची (न पूर्णांक) मूळ संख्या, आहे. घातांक ३१ हा स्वतः २^५ − १ असल्याने ती द्विमर्सेन संख्यांतही (ज्यांचा घातांकही मर्सेन संख्या असतो) मोडते. ४ ने भागल्यावर बाकी ३ उरते, म्हणून दोन पूर्ण वर्गांची बेरीज करून ती मिळत नाही. तिला २^३० ने गुणल्यास २३०५८४३००८१३९९५२१२८ ही आठवी परिपूर्ण संख्या (स्वतःखेरीज इतर सर्व भाजकांच्या बेरजेइतकी संख्या) येते.

ती मूळ असल्याचे प्रथम कोणी दाखवले, याबद्दल एकवाक्यता नाही. इटालियन गणिती कातालदी यांच्या १६०३ च्या ग्रंथात ती मूळ म्हटली आहे. पण त्याच यादीतले २३, २९ व ३७ हे घातांक पुढे चुकीचे ठरले. फ्रेंच गणिती मर्सेन यांच्या १६४४ च्या यादीत ३१ आहे, तसेच ६७ व २५७ हे चुकीचे घातांकही आहेत. तेव्हा ही दोन्ही विधाने अंदाजात जमा करून सिद्धतेचे श्रेय स्विस गणिती ऑयलर यांना देणे अधिक सयुक्तिक. ही सिद्धता १७७२ ची किंवा थोडी आधीची असावी. ती ज्या खंडात आली तो छापून निघाला १७७४ मध्ये.

ऑयलर यांची युक्ती मुळातून पाहावी अशी आहे. या संख्येला मूळ अवयव असलाच तर तो २४८न + १ किंवा २४८न + ६३ याच रूपाचा हवा. वर्गमूळ ४६३४० च्या किंचित पुढे असल्याने, ६३ वगळता, तपासायला ३७२ भाजक उरतात. त्यांतल्या संयुक्त संख्या गाळल्या की काम आणखी हलके होते.

सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या हा तिचा मान १८६७ पर्यंत टिकला असे पुष्कळदा लिहितात. मात्र गणिती क्लाउझेन यांचा तिच्याहून मोठ्या मूळ संख्येचा १८५५ चा शोध धरल्यास तो आधीच संपतो, आणि तेच ग्राह्य वाटते.

तिच्या आधीची मूळ संख्या २१४७४८३६२९, नंतरची २१४७४८३६५९. म्हणजे अंतरे १८ व १२. या टप्प्यावरील सरासरी साधारण २१.५. मूळ संख्यांच्या अशा विखुरण्याचा संभाव्यताशास्त्राच्या अंगाने विचार गोव्यातील कोसबें येथे जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) यांनी केला. या विषयावरील त्यांचा एक निबंध १९६३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात आला. मूळ संख्यांच्या वितरणाशी निगडित रीमान गृहीतकाची त्यांनी मांडलेली सिद्धता मान्य झाली नाही. इतिहासकार म्हणून सर्वपरिचित असलेल्या कोसंबींचे हे गणित गोव्यात आवर्जून वाचले जायला हवे.

संगणकातील ३२ बिटी चिन्हयुक्त (३२ द्विमान अंकांत मावणाऱ्या, धन किंवा ऋण) पूर्णांकाची ही कमाल मर्यादा. १९७० च्या आरंभापासूनचे सेकंद अशा पूर्णांकात मोजणारी संगणकांची घड्याळे १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी, तिच्यापाशी पोहोचतील.