रपटा की झुलता पूल?

मेळघाटातल्या सिपना, खंडू, खापरा, गडगा, डोलार या नद्या उन्हाळ्यात डोहांपुरत्या उरतात आणि पावसाळ्यात एका रात्रीत गावांची वाट तोडतात. यावरचा ठरलेला उपाय म्हणजे रपटा: पात्रात सिमेंटचे पाइप टाकायचे, वर काँक्रीट ओतायचं. स्वस्त पडतो, पण ऐन पुरात तोच पाण्याखाली. पाइपांत काटक्या नि गाळ अडकतो, खालच्या अंगाला धार पडून खड्डा होतो आणि प्रवाहाविरुद्ध चढणाऱ्या माशांची वाट बंद होते. ओल्या सिमेंटच्या पाण्याचा सामू (pH) तर 12 च्या वर असतो. ते डोहात उतरलं की मासे मेलेच.

फक्त माणसांनीच पलीकडे जायचं असेल, तर पात्रात पाय न ठेवणारा झुलता पूल बरा. कर्नाटकातल्या सुळ्याचे गिरीश भारद्वाज यांनी असे शंभरावर पूल उभारले. 2017 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

खरी मेख दोराच्या झोळात, म्हणजे दोर मधोमध किती खाली लोंबतो त्यात आहे. 40 मीटर लांब, एक मीटर रुंद पूल धरा. चौरस मीटरला 400 किलो हिशेबाने गर्दीचा भार 16 टन. झोळ चार मीटर ठेवला तर दोरांवर आडवी ओढ 20 टनांची. दोनच मीटर ठेवला तर 40 टनांची. दोर ताठ दिसावा म्हणून झोळ कमी केला, की दोर धरून ठेवणारा काठावरचा काँक्रीटचा ठोकळा दुप्पट, खोदाई दुप्पट. दिसायला ढिला पूलच जंगलाला सोसतो.

ही ओढ पेलायची कशी? काळा पाषाण असेल तर भोक पाडून सळई रोवायची. सिमेंट घमेलंभर पुरतं. काळी माती मात्र फुगते, आकसते. तिथे पाती असलेले पोलादी खांब स्क्रूसारखे फिरवत साडेतीन मीटरच्या खाली न्यावे लागतात. खोदाई नाही, आणि उद्या पूल हलवला तर उलटे फिरवून काढताही येतात.

काठावरचा अर्जुन, उंबर तोडायचा नाही. काठ त्यांच्याच मुळांनी धरलेला असतो. जेसीबीही नको. प्रत्येक भाग चार जणांना उचलेल एवढाच करावा.

पुलाच्या तोंडाशी मात्र मोटारसायकल अडवणारे खांब हवेतच. गाडी जायला लागली की चाकोरी पडते, मग डांबराची मागणी होते. खांब गुडघ्याएवढेच ठेवावेत, म्हणजे आजारी माणसाची खांद्यावरची बाज वरून निघते.