प्रथमवर्ष लेखनवर्ग (अमेरिका)

प्रथमवर्ष लेखनवर्ग : अमेरिकेतील महाविद्यालयांत व विद्यापीठांत पदवीच्या पहिल्या वर्षी बहुतेक सर्व विद्यार्थ्यांना घ्यावा लागणारा इंग्रजी लेखनाचा अभ्यासक्रम. ‘फर्स्ट इयर कॉम्पोझिशन’ किंवा ‘फ्रेशमन कॉम्प’ ही त्याची रूढ नावे. वेळापत्रकात तो बहुधा ‘इंग्लिश 101’ म्हणून दिसतो. पुढे कोणी इंजिनिअर होणार असो, नर्स होणार असो की इतिहासकार, हा वर्ग सहसा कोणाला चुकत नाही. बहुतेक ठिकाणी तो एका सत्राचा आणि 3 क्रेडिटचा असतो. काही विद्यापीठांत दोन सत्रे चालतो. साहित्याचा अभ्यास हा त्याचा मुख्य विषय नव्हे. दुसऱ्याचे म्हणणे नीट वाचावे, त्यावर आपले मत बनवावे आणि ते पुराव्यानिशी वाचकापुढे मांडावे, एवढे त्यात शिकवले जाते. हे ‘एवढे’ एका सत्रात कोणालाच पुरते साधत नाही, म्हणून वरच्या वर्षांतही लेखनप्रधान अभ्यासक्रम ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे.

पहिल्याच तासाला विद्यार्थ्याच्या हाती सिलॅबस पडतो. त्यात वाचनाची यादी थोडी आणि नियम फार असतात. किती गैरहजेऱ्या चालतील, लेखन उशिरा दिले तर काय होईल, मसुदा न दाखवता थेट अंतिम लेख दिला तर तो घेतला जाईल का, दुसऱ्याचे लेखन उचलले तर कोणती कारवाई होईल, कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत कुठवर घेता येईल, हे सारे त्यात लिहिलेले असते. नवख्याला हे शिस्तीचे फर्मान वाटते. पण यांतले बहुतेक नियम एका साध्या वस्तुस्थितीतून आले आहेत. लेखन शिकवायचे तर प्रत्येकाने लिहिलेले कोणीतरी वाचावे लागते, आणि एकदा वाचून भागत नाही. कोण वाचणार, किती वेळा वाचणार आणि तेवढा वेळ त्याला कोण देणार, याच प्रश्नांभोवती या वर्गाचा दीडशे वर्षांचा इतिहास फिरत आला आहे.

उगम आणि वळणे

जुन्या अमेरिकी महाविद्यालयांत लॅटिन, ग्रीक आणि वक्तृत्व यांना मान होता. हार्वर्डमध्ये वक्तृत्वशास्त्राचे बॉइल्स्टन अध्यासन 1806 मध्ये सुरू झाले. त्यावरचे पहिले प्राध्यापक जॉन क्विन्सी ॲडम्स पुढे देशाचे अध्यक्ष झाले. तेव्हा भर बोलण्यावर होता. चार्ल्स एलियट 1869 मध्ये हार्वर्डचे प्रमुख झाले, विषय निवडण्याची मोकळीक वाढत गेली आणि प्राचीन भाषांची जागा हळूहळू इंग्रजीने घेतली. 1874 पासून प्रवेशपरीक्षेत छोटा इंग्रजी निबंध लिहावा लागू लागला. स्पेलिंग, विरामचिन्हे, व्याकरण आणि मांडणी बिनचूक असावी अशी अट होती. अनेक मुले त्यात नापास झाली. ॲडम्स शर्मन हिल या प्राध्यापकांच्या पुढाकाराने 1885 मध्ये ‘इंग्लिश ए’ हा अभ्यासक्रम पहिल्या वर्षात आला. शतक संपेपर्यंत हार्वर्डमध्ये सर्वांना सक्तीचा असा जवळजवळ तोच एक विषय उरला होता, आणि देशभरच्या विद्यापीठांनी तो नमुना उचलला.

हार्वर्डच्या एका पाहणी समितीने 1892 च्या अहवालात सगळा दोष शाळांवर टाकला. मुले शाळेतून लिहायला शिकून यावीत, महाविद्यालयाने हे काम का करावे, असा तिचा सूर होता. ही तक्रार अजूनही थांबलेली नाही. वर्गाचा जन्मच ‘उणीव भरून काढण्यासाठी’ झाला, आणि त्याचा परिणाम फार काळ टिकला. चुकांखाली लाल रेघा ओढणे म्हणजे लेखन शिकवणे, ही समजूत तिथून पक्की झाली. मिशिगन विद्यापीठाचे फ्रेड न्यूटन स्कॉट यांनी त्या काळीच तिला विरोध केला. लेखन हा समाजातल्या माणसामाणसांतला व्यवहार आहे, तो सुट्या चुकांच्या हिशोबात मावत नाही, अशी त्यांची धारणा होती. इंग्रजी शिकवणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना (एनसीटीई) 1911 मध्ये स्थापन झाली, तिचे ते पहिले अध्यक्ष. संघटनेच्या मासिकाच्या 1912 मधील पहिल्याच अंकात कॅन्ससचे एडविन हॉपकिन्स यांनी प्रश्न विचारला, की आजच्या परिस्थितीत लेखनाचे चांगले अध्यापन शक्य आहे का. लेखाची सुरुवातच ‘नाही’ या उत्तराने होते. कारण त्यांनी सांगितले तेच आजही आहे : एका शिक्षकामागे फार मुले.

केवळ महाविद्यालयीन लेखन शिकवणाऱ्यांची परिषद, सीसीसीसी, 1949 मध्ये उभी राहिली. तरी वर्गातल्या कामाची पद्धत खऱ्या अर्थाने बदलली ती 1970 च्या दशकात. जॅनेट एमिग यांनी 1971 मध्ये विद्यार्थी प्रत्यक्ष लिहितात कसे याचा अभ्यास प्रसिद्ध केला. डोनाल्ड मरे यांनी 1972 मध्ये आग्रह धरला, की तयार लेखापेक्षा लिहिण्याची प्रक्रिया शिकवा. आज सिलॅबसमध्ये दिसणारे ‘पहिला मसुदा’, ‘दुसरा मसुदा’, ‘पुनर्लेखन’ हे टप्पे या विचारातून आले.

त्याच वेळी न्यूयॉर्कमध्ये वेगळीच घडामोड चालू होती. विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर न्यूयॉर्क सिटी विद्यापीठाने 1970 मध्ये शहरातल्या प्रत्येक हायस्कूल पदवीधराला प्रवेश खुला केला. गरीब, कृष्णवर्णीय, प्वेर्तो रिकन आणि स्थलांतरितांच्या घरांतली हजारो मुले वर्गात आली. त्यांचे लेखन पाहून अनेक प्राध्यापकांनी हात टेकले. सिटी कॉलेजमधल्या मिना शॉनेसी यांनी मात्र असे सुमारे 4,000 निबंध बारकाईने वाचले आणि 1977 च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की या चुका निष्काळजीपणाच्या नाहीत. प्रत्येक चुकीमागे लिहिणाऱ्याचा काही तर्क असतो, तो शिक्षकाला ओळखता आला पाहिजे. या वर्गाच्या इतिहासात इतक्या मायेने आणि इतक्या चिकाटीने केलेले काम दुसरे सापडणे कठीण. सीसीसीसीने 1974 मध्ये विद्यार्थ्यांचा आपल्या बोलीवरचा हक्क मान्य करणारा ठरावही केला. वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी बोलत शाळेत गेलेल्या आणि प्रमाण मराठीपुढे गप्प झालेल्या मुलांचा प्रश्न ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या ठरावाचे मोल वेगळे सांगायला नको. मात्र तो ठराव असूनही बहुसंख्य सिलॅबस प्रमाण इंग्रजीचीच अपेक्षा ठेवतात.

वर्गाचे नियम

लेखन अभ्यासक्रमांच्या प्रशासकांच्या राष्ट्रीय मंडळाने 2000 मध्ये या वर्गाच्या अखेरीस काय साधायला हवे याचे एक पत्रक काढले. त्याची आजची आवृत्ती 2014 ची आहे. हेतू आणि वाचक ओळखून लिहिणे, चिकित्सक वाचन, लेखनाची प्रक्रिया आणि त्या त्या क्षेत्राचे संकेत असे चार भाग त्यात आहेत. व्याकरण शेवटच्या भागात येते. प्रत्यक्षात एका सत्रात तीन ते पाच लेख लिहावे लागतात. एखाद्या मजकुराचे विश्लेषण असते, एक संशोधनपर लेख असतो, आणि अनेकदा शेवटी निवडक लेखनाचा पोर्टफोलिओ असतो. लेखी परीक्षा बहुधा नसतेच.

आपल्याकडच्या वाचकाला हेच नवे वाटेल. मुंबई विद्यापीठात कला शाखेच्या पहिल्या वर्षी इंग्रजी संभाषणकौशल्याचा पेपर दीर्घकाळ सक्तीचा होता. उताऱ्यावरील प्रश्न, पत्रलेखन, अहवाल असे त्याचे स्वरूप, आणि निर्णय मुख्यतः परीक्षेच्या तीन तासांत. मोठ्या वर्गात प्रत्येकाचे मसुदे वाचणे शक्य नसते, हे उघड आहे.

हजेरीचा नियम सर्वांत कडक असतो. एक-दोन आठवड्यांइतकी गैरहजेरी माफ, पुढे श्रेणी उतरते, त्याहून पुढे नापास, असा साधारण क्रम. याचे कारण वर्गाच्या रचनेत आहे. इथे व्याख्यान थोडे आणि काम जास्त. विद्यार्थी एकमेकांचे मसुदे वाचतात, कुठे कळले नाही ते सांगतात. एक जण आला नाही की दुसऱ्याला वाचक मिळत नाही, आणि ती उणीव मित्राच्या वहीतून टिपणे उतरवून भरून निघत नाही. तरीही हा नियम सर्वांना सारखा लागत नाही. रात्रपाळी करणाऱ्या किंवा घरी लहान मूल असलेल्या विद्यार्थ्याला तो फार महागात पडतो. कम्युनिटी कॉलेजांत (दोन वर्षांच्या स्थानिक सार्वजनिक महाविद्यालयांत) असे विद्यार्थी पुष्कळ असतात, म्हणून तिथले जाणते शिक्षक सत्रात एक-दोनदा कारण न विचारता मुदतवाढ देण्याची सोय नियमातच करून ठेवतात. हे धोरण मला अधिक न्याय्य वाटते. कारण सांगावे लागले की ज्याला बोलता येते त्याचे निभावते आणि बुजरा मागे राहतो.

वर्गाबाहेरच्या कामाचाही हिशोब ठरलेला आहे. संघराज्याच्या नियमाप्रमाणे एका क्रेडिटमागे दर आठवड्याला एक तास वर्ग आणि किमान दोन तास बाहेरचे काम धरतात. म्हणजे 3 क्रेडिटच्या या वर्गासाठी आठवड्याला नऊ तास. शिवाय सत्रात एकदा-दोनदा वर्ग रद्द करून शिक्षक प्रत्येकाला मसुद्यावर बोलण्यासाठी एकेकटे भेटतात. पंधरा-वीस मिनिटांच्या या भेटीत जे शिकून होते, ते अनेक तासांच्या व्याख्यानांत होत नाही.

अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना जादा वेळ किंवा अन्य सवलत देणे हे 1973 च्या पुनर्वसन कायद्याने आणि 1990 च्या अपंगविषयक कायद्याने बंधनकारक आहे. विद्यार्थ्याच्या नोंदींची गोपनीयता 1974 च्या फर्पा कायद्याने जपली जाते. महाविद्यालयात गेलेल्या मुलाची श्रेणी शिक्षक त्याच्या संमतीविना सहसा आई-वडिलांनाही सांगत नाहीत. मुलाचे गुण विचारायला शाळेत जाण्याची सवय असलेल्या आपल्याकडच्या पालकांना हे पचायला जड जाते.

श्रेणी देण्याच्या पद्धतीत अलीकडे ‘करार’ आला आहे. ठरलेले सगळे काम प्रामाणिकपणे आणि वेळेत केले की ‘बी’ श्रेणी नक्की, असा एक प्रकार पीटर एल्बो आणि जेन डॅनिएलेविच यांनी 2009 मध्ये मांडला. असाओ इनोए यांनी पुढे जाऊन श्रमालाच श्रेणीचा आधार केले. यावर वाद आहे. पण श्रेणीची धास्ती गेली की मुले लेखनात धाडस करतात, हा युक्तिवाद बिनतोड वाटतो.

उचललेले लेखन आणि यंत्राचे लेखन

वाङ्मयचौर्याचे कलम प्रत्येक सिलॅबसमध्ये असते. लेखनात बहुधा एमएलए किंवा एपीए या ठरलेल्या संदर्भपद्धतींपैकी एकीने संदर्भ द्यावे लागतात. शिक्षा त्या लेखात शून्य मिळण्यापासून निलंबनापर्यंत असू शकते. प्रशासकांच्या मंडळाने 2003 च्या निवेदनात एक महत्त्वाचा भेद केला. दुसऱ्याचे लेखन जाणूनबुजून आपले म्हणून देणे वेगळे, आणि संदर्भ देताना अजाणतेपणी चुकणे वेगळे. पहिला गुन्हा आहे, दुसरी शिकण्याच्या वाटेवरची चूक आहे. मूळ वाक्यातले चार शब्द बदलून ते तसेच ठेवणे, ज्याला रिबेका मूर हॉवर्ड यांनी ‘पॅचरायटिंग’ म्हटले, ते बहुधा दुसऱ्या प्रकारात मोडते. मजकूर पुरता न समजलेला विद्यार्थी असे करतो.

महाराष्ट्रातून गेलेल्या मुलाला इथे ठेच लागू शकते. आपल्या शालेय निबंधात कवितेची ओळ, अभंगाचा चरण, थोरामोठ्यांचे वचन नाव न घेताही पेरले तर कौतुक होते. गाइडमधला निबंध पाठ करून उतरवला तरी गुण मिळतात. त्या मुलाला फसवणूक करायची नसते. म्हणून चांगला शिक्षक नियम नुसता वाचून दाखवत नाही, तो संदर्भ कसा द्यायचा हे करून घेतो.

नोव्हेंबर 2022 च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि हे कलम नव्याने लिहावे लागले. यंत्राचे लेखन ओळखून देणारी साधने पाठोपाठ बाजारात आली, पण त्यांवर विसंबणे धोक्याचे ठरले. चॅटजीपीटी बनवणाऱ्या खुद्द ओपनएआयने आपले ओळखसाधन अचूकता कमी म्हणून जुलै 2023 मध्ये मागे घेतले. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधने तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेल्या निबंधांपैकी निम्म्याहून अधिक या साधनांनी सरासरीने यंत्राचे ठरवले. साध्या, मर्यादित शब्दांत काळजीपूर्वक लिहिणाऱ्यावरच संशय यावा, हे अन्यायाचे आहे. व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ऑगस्ट 2023 मध्ये टर्निटिन या वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या प्रणालीतली यंत्रलेखन ओळखण्याची सोय बंद केली. आता एकाच विभागात एका शिक्षकाची पूर्ण बंदी आणि दुसऱ्याची विचार जुळवण्यापुरती परवानगी असे चित्र दिसते. काहींनी वर्गातच हाताने लिहून घेणे पुन्हा सुरू केले आहे, पण मग टंकलेखनाची सवलत असलेल्या विद्यार्थ्यांची वेगळी सोय करावी लागते. सत्रभर मसुदे पाहिलेल्या शिक्षकाला मात्र यंत्राच्या टक्केवारीची गरज कमी पडते, कारण लेखातला विचार कसा वाढत गेला हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते.

शिकवणारे

मोठ्या विद्यापीठांत हा वर्ग बहुतांशी पदव्युत्तर विद्यार्थी आणि कंत्राटी अध्यापक शिकवतात. कंत्राटी अध्यापकांना दर वर्गामागे पैसे मिळतात, आणि अनेकांना दोन-तीन महाविद्यालये गाठून पोट भरावे लागते. सर्वांना सक्तीचा असलेला विषय सर्वांत अस्थिर नोकरी असलेल्यांच्या हाती दिलेला आहे. वायोमिंग विद्यापीठातील 1986 च्या परिषदेत या स्थितीविरुद्ध ठराव पुढे आला आणि पुढच्या वर्षी सीसीसीसीने तो उचलून धरला. सीसीसीसीच्या तत्त्वपत्रकानुसार लेखनवर्गात 20 हून अधिक विद्यार्थी नसावेत, शक्यतो 15 च असावेत, आणि एका शिक्षकाकडे सत्रात 60 हून अधिक लेखनविद्यार्थी नसावेत. प्रिन्स्टनमध्ये लेखनाच्या सेमिनारात 12 जण असतात. उलट सार्वजनिक महाविद्यालयांत 25 चे चार-पाच वर्ग एकाच शिक्षकाकडे असणे नेहमीचे. चार वर्ग धरले, प्रत्येक विद्यार्थ्याचे चार लेख आणि प्रत्येकाचे दोन मसुदे, तर 800 वेळा वाचन होते. एका मसुद्याला वीस मिनिटे दिली तर सुमारे 267 तास, म्हणजे पंधरा आठवड्यांच्या सत्रात दर आठवड्याला जवळपास अठरा तास निव्वळ वाचनाचे. साठ विद्यार्थी असतील तर हेच काम आठवड्याला अकरा तासांच्या आत बसते.