संध्याकाळपुरती अणुवीज मिळेल का?

उन्हाळ्यात राज्याची विजेची मागणी चढली की एक सल्ला हमखास कानावर येतो: दिवसा सौरऊर्जा वापरा आणि सूर्य मावळला की अणुभट्ट्या लावा. ऐकायला झकास. पण आड येतो झेनॉन-१३५ नावाचा वायू.

युरेनियम-२३५चा अणू फुटला की त्याचे दोन तुकडे होतात आणि सुटलेले न्यूट्रॉन पुढचे अणू फोडतात, एवढं शाळेत झालेलं असतं. त्या तुकड्यांचं पुढे काय होतं, हे मात्र कुणी सांगत नाही. शंभरातल्या साधारण सहा विखंडनांमागे आयोडीन-१३५ तयार होतं. त्याचं अर्धायुष्य (निम्मे अणू क्षय पावायला लागणारा वेळ) ६.६ तास. त्यातून झेनॉन-१३५ होतो, त्याचं अर्धायुष्य ९.१ तास. आणि हा पठ्ठ्या न्यूट्रॉन गिळण्यात अट्टल! न्यूट्रॉन पकडण्यासाठी अणू जणू केवढं लक्ष्य पुढे करतो, त्याला काटछेद म्हणतात; तो बार्न या एककात मोजतात. संथ न्यूट्रॉनच्या बाबतीत युरेनियम-२३५च्या विखंडनाचा काटछेद ५८५ बार्नच्या आसपास. झेनॉनच्या शोषणाचा सुमारे २६ लाख बार्न.

भट्टी चालू असताना हिशोब जमतो. जेवढा झेनॉन तयार होतो, तेवढा न्यूट्रॉन गिळून आणि स्वतःच्या क्षयाने संपतो. भट्टी बंद केली की न्यूट्रॉन थांबतात, पण साठलेलं आयोडीन झेनॉन बनवतच राहतं. वरून नळ चालू आणि खाली मोरी तुंबलेली, अशी गत. साधारण दहा तासांनी झेनॉन कळसाला पोचतो. म्हणजे ऊन चढलं म्हणून सकाळी आठला भट्टी बंद केलीत, तर नेमकी संध्याकाळी सहाला, दिवे लागताना, ती सुरू करणं सगळ्यात अवघड!

१९४४च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत हॅनफर्डची ‘बी’ नावाची अणुभट्टी अशीच आपोआप मंदावत विझली आणि काही तासांनी पुन्हा जिवंत झाली. भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी तिथे हजर होते. गुन्हेगार झेनॉनच आहे, हे त्यांचे सहकारी भौतिकशास्त्रज्ञ जॉन व्हीलर यांनी ओळखलं. भट्टी वाचली ती ती बांधणाऱ्या ड्युपाँट कंपनीच्या अभियंत्यांमुळे: इंधनाच्या १५०० नळ्या पुरतील असं भौतिकशास्त्रज्ञ म्हणत असताना त्यांनी २००४ नळ्यांची जागा ठेवली होती. जादा इंधन भरून झेनॉनवर मात झाली.

तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या ५४० मेगावॉटच्या भट्ट्या नैसर्गिक युरेनियमवर चालतात. त्यात युरेनियम-२३५ जेमतेम ०.७ टक्के, त्यामुळे झेनॉनवर मात करायला गाठीशी शिल्लक फार नसते. अशी जड पाण्याची (न्यूट्रॉन संथ करायला जड पाणी वापरणारी) भट्टी ट्रिप झाली, म्हणजे अचानक बंद पडली, तर साधारण अर्ध्या तासात पुन्हा उचलावी लागते. वेळ हुकली की ‘पॉयझन आउट’, म्हणजे झेनॉनच्या विषाने भट्टी पेटतच नाही, मग दीडेक दिवस वाट बघा.

फ्रान्समध्ये अणुभट्ट्यांची शक्ती मागणीनुसार कमी-जास्त करतात, हे खरं. तिथे इंधन समृद्ध केलेलं, म्हणजे युरेनियम-२३५चं प्रमाण वाढवलेलं असतं आणि भट्टी पूर्ण बंद न करता फक्त खाली आणतात. तरीही पैशाचा मुद्दा उरतोच: बहुतेक खर्च बांधकामाचा, इंधनाचा थोडा. मग बंद ठेवून वाचणार काय?

हल्ली ‘छोट्या मॉड्युलर भट्ट्या’ हा सर्व रोगांवरचा काढा झालाय. झेनॉनला भट्टीचा आकार कळत नाही.

अणुवीज हवीच, पण रात्रंदिवस लागणाऱ्या किमान मागणीसाठी. जैतापूरचे नियोजित सुमारे दहा हजार मेगावॉट उद्या आले, तरी ते असेच सलग चालतील. संध्याकाळची चढण काही मिनिटांत पेलण्याचं काम कोयनेसारख्या जलविद्युत केंद्राचं आणि दुपारच्या जादा विजेने पाणी वर चढवणाऱ्या घाटघरचं. पण कोयनेच्या पाण्याला कृष्णा पाणीवाटप लवादाची मर्यादा आहे आणि घाटघर आहे अवघं २५० मेगावॉटचं. जैतापूरच्या वादात या दुसऱ्या आकड्याबद्दल कुणी भांडताना दिसत नाही.