जर्मन गाडी, शेजाऱ्यांची वायरिंग

"शेजारचा देश श्रीमंत झाला की आपलंही भलं होतं" असं कुणी म्हटलं की मी विचारतो, कसं काय बुवा? दक्षिण कोरिया एवढा पुढे गेला, त्याला खेटून असलेल्या उत्तर कोरियाला काय मिळालं? पैसा म्हणजे काय भिंतीतली ओल आहे का, आपोआप पलीकडे झिरपायला. त्यासाठी काहीतरी ठोस वस्तू, ठोस ऑर्डर लागते, आणि यातलं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण म्हणजे गाडीचं वायरिंग हार्नेस.

हार्नेस म्हणजे डॅशबोर्डमागे, दारांत, सीटखाली पसरलेलं वायरींचं जाळं, आजच्या गाडीत मिळून काही किलोमीटर वायर असते. गंमत अशी की रोबोट वेल्डिंग करतात, पेंटिंग करतात, पण हे काम अजून बरंचसं हातानंच होतं. भल्यामोठ्या बोर्डावर खुंट्या असतात, त्यांमधून एकेक वायर ओढायची, टेप गुंडाळायची, टोकाला कनेक्टर खटकन बसवायचा. लुळी वायर रोबोटला नीट धरताच येत नाही. म्हणजे मजुरी स्वस्त हवी. मग चीनमधूनच का नाही मागवत? कारण गिऱ्हाइकानं गरम होणारी सीट घेतली, जादा कॅमेरा घेतला की त्याप्रमाणे हार्नेस बदलतं, प्रकार होतात हजारो, साठा करणार कुठे आणि किती, शिवाय गाड्या लाइनवर ज्या क्रमानं येणार त्याच क्रमानं माल यावा लागतो, त्यामुळे महिनाभर बोटीत पडून राहणं परवडतच नाही. म्हणजे मजुरी स्वस्त पण ट्रक पटकन पोचेल असा देश पाहिजे. जर्मनीला असे मिळाले चेक, स्लोव्हाकिया, रोमानिया, युक्रेन. 2022 मध्ये युद्धामुळे पश्चिम युक्रेनमधलं हार्नेसचं काम थांबलं तेव्हा फोक्सवॅगन आणि बीएमडब्ल्यूला जर्मनीतल्या लाइन बंद ठेवाव्या लागल्या होत्या.

याचं गणित यान टिनबर्गन या डच अर्थतज्ज्ञानं 1962 मध्ये मांडलं. दोन देशांतला व्यापार त्यांच्या जीडीपीच्या गुणाकाराच्या प्रमाणात वाढतो आणि अंतरानं घटतो, न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणासारखंच, फक्त तिथे अंतराचा वर्ग आणि इथे घातांक साधारण 1, दोन्ही बाजूंचा लॉगॅरिदम घेतला की सरळ रेषा मिळते, अंतराचा उतार उणे 1 च्या आसपास, म्हणजे बाकी सगळं तेच ठेवून अंतर दुप्पट केलं तर व्यापार जवळपास निम्मा. इंटरनेटनं अंतर संपवलं म्हणणारे आणि देशाची कुंडली मांडून तेजी सांगणारे, दोघांनीही हा उतार एकदा बघावा.

अर्थात नुसतं जवळ असून भागत नाही, ट्रक सीमेवर अडकायला नको. स्लोव्हाकिया 2004 मध्ये युरोपियन युनियनमध्ये गेला आणि 2007 च्या डिसेंबरात शेंगेनमध्ये, म्हणजे सीमेवर तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात, नाके गेले. फोक्सवॅगन ब्रातिस्लावात 1991 पासूनच होती, 2006 मध्ये किया आणि प्यूजोचं उत्पादन सुरू झालं, 2018 मध्ये नित्रा इथे जॅग्वार लँड रोव्हर, म्हणजे आपले टाटाच. लोकसंख्या जेमतेम 54 लाख, गाड्या वर्षाला साधारण 10 लाख, माणशी हिशोब केला तर जगात पहिला नंबर.

पण त्याच रस्त्यानं मंदीही येते. 2009 मध्ये जर्मनीची अर्थव्यवस्था पाच टक्क्यांहून जास्त आकसली, स्लोव्हाकियाचीही तेवढीच. आणि आता तिथले पगार वाढलेत, ब्रातिस्लावात पोर्शे कायेनसारखी महागडी गाडी बनते, त्यामुळे हार्नेसचं हातकाम आणखी पुढे सर्बिया आणि थेट मोरोक्कोपर्यंत सरकलंय.