संगीतरचनाकारांचा वारसा (पाश्चात्त्य अभिजात संगीत)

पाश्चात्त्य अभिजात संगीतात रचना स्वरलेखनाच्या रूपाने टिकते. त्यामुळे रचनाकाराच्या मृत्यूनंतर तिचे भवितव्य त्याच्या हयातीतील कीर्तीइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, हस्तलिखिते कोणाच्या हाती पडली यावर ठरत आले आहे. वारसदार, शिष्य, प्रकाशक आणि नकलनवीस यांचा या इतिहासातील वाटा मोठा आहे. चरित्रग्रंथांत मात्र त्यांना क्वचितच पुरेशी जागा मिळते.

योहान झेबास्टिआन बाख (1685–1750) याचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. 1723 पासून अखेरपर्यंत तो लाइपझिग येथे सेंट टॉमस चर्चच्या संगीताचा प्रमुख होता आणि तेथील उपासनेसाठी त्याने मोठ्या प्रमाणात कँटाटा (गायक आणि वाद्यवृंदासाठीच्या धार्मिक गायनरचना) रचल्या. परंतु त्या त्याच्या हयातीत जवळजवळ छापल्याच गेल्या नाहीत. मृत्यूनंतर हस्तलिखितांची वाटणी झाली. कार्ल फिलिप इमान्युएल या मुलाने आपला वाटा काळजीपूर्वक जपला, तर थोरल्या विल्हेल्म फ्रीडेमानने आर्थिक अडचणीपोटी आपल्याकडील बरीच हस्तलिखिते विकली आणि अनेक रचना कायमच्या हरवल्या. बाख पुढे पूर्णपणे विस्मृतीत गेला, ही समजूत मात्र खरी नाही. त्याच्या वाद्यरचनांच्या हस्तलिखित नकला शिष्यपरंपरेत फिरत होत्या आणि लहानपणी बेथोव्हेनने त्यांवरच सराव केला होता. विस्मृती आली ती मुख्यतः गायनरचनांच्या वाट्याला. 11 मार्च 1829 रोजी वीस वर्षांच्या फेलिक्स मेंडेल्सझोन या रचनाकाराने बर्लिनमध्ये बाखचे ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ (ख्रिस्ताच्या यातनांवरील मोठी गायनरचना) सादर केले, तेव्हा त्याच्या तयारीमागे आजीने त्याला दिलेली त्या रचनेची नक्कल होती. पुढे 1850 मध्ये स्थापन झालेल्या बाख संस्थेने समग्र रचनांच्या प्रकाशनाचे काम हाती घेतले, आणि ते तडीस जाण्यास जवळजवळ अर्धे शतक लागले.

मोत्सार्टचा (1756–1791) वारसा टिकला तो प्रामुख्याने पत्नी कॉन्स्टान्झ हिच्या व्यवहारकुशलतेमुळे. अपूर्ण ‘रिक्वियम’ (मृतांसाठीच्या प्रार्थनेची संगीतरचना) तिने शिष्य झ्यूसमायरकडून पुरे करून घेतले आणि हस्तलिखितांचा मोठा संग्रह योहान आंतोन आंद्रे या प्रकाशकाला एकत्रित विकला, त्यामुळे त्याची पांगापांग टळली. 1862 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, लुडविग फॉन कोखेल याने केलेल्या मोत्सार्टच्या रचनांच्या सूचीतील क्रमांकांनी मोत्सार्टच्या रचना आजही ओळखल्या जातात.

शूबर्ट 1828 मध्ये अवघ्या 31 व्या वर्षी वारला. सहाशेहून अधिक गीते रचणाऱ्या या रचनाकाराच्या सिंफनी (वाद्यवृंदासाठीच्या दीर्घ रचना) त्याच्या हयातीत जाहीर मैफलींपर्यंत जवळजवळ पोहोचल्याच नाहीत. त्याची सी मेजर या स्वरश्रेणीतील मोठी सिंफनी भाऊ फर्डिनांडकडे पडून होती. ती रॉबर्ट शूमान या रचनाकाराच्या नजरेस पडली आणि 1839 मध्ये लाइपझिगला मेंडेल्सझोनने तिचे संचालन केले. ‘अपूर्ण’ सिंफनीला तर प्रथम सादरीकरणासाठी 1865 पर्यंत थांबावे लागले, कारण तिचे हस्तलिखित आन्सेल्म ह्यूटेनब्रेनर या मित्राने दीर्घकाळ स्वतःजवळ ठेवले होते.

स्त्री रचनाकारांच्या बाबतीत हस्तलिखित जपले गेले तरी श्रेय मिळेलच असे नव्हते, आणि हा अन्याय या इतिहासात ठळकपणे नोंदवायला हवा. फेलिक्स मेंडेल्सझोनची बहीण फॅनी हेन्सेल (1805–1847) हिची सहा गीते भावाच्या नावाने प्रसिद्ध झाली. स्वतःच्या नावाने नियमित प्रकाशन तिने 1846 मध्ये, म्हणजे मृत्यूच्या आदल्या वर्षी, सुरू केले. तिचा 1828 मधील ‘ईस्टर सोनाटा’ (पियानोसाठीची अनेक भागांची रचना) विसाव्या शतकात उजेडात आला तेव्हा तोही फेलिक्सचाच मानला गेला. तो फॅनीचा असल्याचे एकविसाव्या शतकातील संशोधनाने हस्तलिखिताच्या आधारे दाखवून दिले.